जोडीदाराच्या व्हिसाला कुणाचा पैसा मोजतात?

बोरिवलीत, मुलुंडला किंवा घाटकोपरच्या पंतनगरात मुलीचं लग्न परदेशातल्या मुलाशी ठरलं की घरात एक जाड फाईल तयार होऊ लागते. वडिलांच्या एफडीच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक, फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि या सगळ्याच्या वर सीएनं सही-शिक्क्यानिशी दिलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट. आयुष्यभराची बचत मुलीच्या पाठीशी उभी करायची, ही त्यामागची भावना. पण बायकोच्या किंवा नवऱ्याच्या इमिग्रंट व्हिसासाठी अधिकारी सर्वांत आधी जे कागद शोधतो, ते या फाईलीत नसतात. ते असतात जावयाकडे, न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये.

ही गफलत कुठून येते तेही बघण्यासारखं आहे. उपनगरातल्या बहुतेक घरांचा व्हिसाशी पहिला संबंध येतो तो मुलाच्या शिक्षणामुळे, नाहीतर आईवडिलांच्या टुरिस्ट व्हिसामुळे. विद्यार्थ्याला दाखवावं लागतं की फी भरायला आणि राहायला पैसे आहेत. तिथे वडिलांची एफडी आणि बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र चालतं. टुरिस्टाला दाखवावं लागतं की इथे घरदार, नोकरी, मुलंबाळं आहेत आणि आपण परत येणार आहोत. तिथे फ्लॅटचे कागद उपयोगी पडतात. जोडीदाराचा व्हिसा याच्या नेमका उलट. परत येण्याचा प्रश्नच नाही, कारण कायमचं जायचं आहे. त्या देशाला एवढंच जाणून घ्यायचं असतं की ही व्यक्ती इथे आल्यावर तिच्या पोटापाण्याला कोण बांधील आहे, आणि त्याची कमाई सरकारी कागदांवर दिसते का. इथल्या घराची श्रीमंती त्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. अगदी कमी पडलंच तर ती पुरवणी म्हणून जोडता येते, आणि तीही ठरलेल्या अटींवर.

त्याआधी एक निवड करून घ्यावी लागते, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. मुलगा अमेरिकेत एच-वन-बीवर नोकरी करत असेल तर बायको एच-फोरवर जाते. तो अवलंबिताचा व्हिसा. त्याला खाली सांगतो आहे ते हमीपत्र लागत नाही; नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र पुरतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करवर असलेल्याच्या बायकोचंही तसंच: तिच्यासाठी २८५ पौंड एवढी रक्कम २८ दिवस खात्यात दिसली, किंवा कंपनीनं हमी घेतली, की भागतं. केअर वर्करच्या व्हिसावर गेलेल्यांना मात्र ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेण्याची सोयच उरलेली नाही. मुलगा त्या देशाचा नागरिक असेल किंवा त्याला कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला असेल, तेव्हाच ‘स्पॉन्सरशिप’ नावाचं मोठं प्रकरण सुरू होतं. शेजारच्या इमारतीतली मुलगी दोन महिन्यांत गेली आणि आपली का अडकली, याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

अमेरिकेपासून सुरुवात करू. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला आय-८६४ नावाचं हमीपत्र भरावं लागतं. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट हवं. ही रेषा तिथलं आरोग्य खातं दरवर्षी, बहुतेक जानेवारीत, नव्यानं जाहीर करतं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी ती २१,१५० डॉलर होती, म्हणून हमीदाराला लागणारं उत्पन्न २६,४३७ डॉलर. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला पत्नीसाठी सव्वापटीची अट नाही, रेषेइतकं उत्पन्न पुरतं. अलास्का आणि हवाईचे तक्ते वेगळे. आपल्या रुपयांत ही रक्कम वर्षाला बावीस-तेवीस लाखांच्या घरात जाते म्हणून मोठी वाटते; तिथे पूर्णवेळ साधी नोकरी करणाऱ्यालाही ती बहुधा गाठता येते. अडकतात ते विद्यार्थी, नुकती नोकरी सुटलेले, अर्धवेळ काम करणारे आणि ज्यांचं उत्पन्न खरं असलं तरी कराच्या कागदावर दिसत नाही असे.

कराचा कागद हा इथला कणा आहे. अमेरिकन आयकर खात्याकडून मिळणारी टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र आणि अलीकडच्या पे-स्लिपा एवढ्यावर बहुतेक प्रकरणं पार पडतात. स्वतःचं दुकान किंवा मोटेल चालवणाऱ्यानं खर्च वजा करत करत करपात्र उत्पन्न अगदी खाली आणलेलं असेल, तर तोच खाली आलेला आकडा इथे धरला जातो. धंद्याची उलाढाल कितीही दाखवली तरी उपयोग होत नाही. लग्न ठरण्याआधी जावयाचा पगार विचारणारे सासरे पुष्कळ असतात. त्यानं गेल्या वर्षी रिटर्न भरलं होतं का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आणि हमीपत्रासाठी तोच प्रश्न जास्त मोलाचा आहे.

दुसरी गोष्ट माणसं मोजण्याची. ‘दोघंच तर आहेत’ असं आपण म्हणतो, पण फॉर्ममधलं कुटुंब वेगळ्या पद्धतीनं मोजतात. हमीदार स्वतः, येणारा जोडीदार, रिटर्नमध्ये दाखवलेले अवलंबित, आणि याआधी ज्यांच्यासाठी त्यानं असंच हमीपत्र दिलं आहे व ज्यांची हमी अजून संपलेली नाही, ती सगळी माणसं. आपल्याकडे हे फार घडतं. मुलगा नागरिक झाला की आधी आई-बाबांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतो, मग स्वतःचं लग्न करतो. बायकोच्या फॉर्मवर त्याचं कुटुंब दोघांचं नाही, चौघांचं होतं, आणि २०२५ च्या तक्त्यात चौघांसाठी लागणारी रक्कम ४०,१८७ डॉलर आहे. आई-बाबा त्याच्याच घरी राहत असतील आणि तिकडे त्यांची काही कमाई असेल, तर आय-८६४ए या जोडफॉर्मवर सही करून ती यात धरता येते. मुलुंडला परतून राहिलेल्या आई-बाबांची इथली पेन्शन मात्र नाही धरता येत.

आता फ्लॅटकडे येऊ, कारण उपनगरात सगळ्यांचा जीव तिथेच असतो.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्तेनं भर घालता येते. कमी पडलेल्या रकमेच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. हमीदार अमेरिकन नागरिक असून जोडीदारासाठी अर्ज करत असेल तर तीनपट पुरते. समजा जावयाचं उत्पन्न २०,००० डॉलर आहे. तूट ६,४३७ डॉलरची. तो नागरिक असेल तर १९,३११ डॉलरची मालमत्ता लागेल, ग्रीन कार्डवर असेल तर ३२,१८५ डॉलरची. मुंबईतल्या फ्लॅटच्या किमतीपुढे हे आकडे काहीच नाहीत, असं कुणालाही वाटेल. मुलुंड पूर्वेतला साधा दोन खोल्यांचा फ्लॅटही याच्या कितीतरी पट किमतीचा असतो. पण तीन अटी आहेत. मालमत्ता हमीदाराच्या, त्याच्या तिथल्या कुटुंबीयाच्या किंवा जाणाऱ्या जोडीदाराच्या स्वतःच्या नावावर हवी. ती वर्षभराच्या आत, फारसं नुकसान न होता, विकून रोख करता यायला हवी. आणि ते पैसे अमेरिकेत नेता यायला हवेत.

पहिल्याच अटीत बहुतेक फ्लॅट गळतात, कारण ते वडिलांच्या नावावर असतात. वडील काही जाणार नाहीत, त्यामुळे त्यांचा दीड कोटींचा फ्लॅट हिशेबात शून्य. मुलीचं नाव जोडलेलं असेल तर तिचा हिस्सा धरता येईल, पण तो करारनाम्यात आणि शेअर सर्टिफिकेटवर स्पष्ट दिसला पाहिजे. केवळ नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. दुसऱ्या अटीत पुनर्विकास आडवा येतो. आज बोरिवली-घाटकोपरच्या गल्ल्यागल्ल्यांत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. इमारत पाडलेली, सभासद बिल्डरनं दिलेल्या भाड्यावर दुसरीकडे राहणारे, नव्या घराचा ताबा मिळायला काही वर्षं. अशा वेळी मुलीच्या हातात घर नसतं, घर मिळण्याचा करार असतो. तो वर्षभरात विकून रोख होईल, हे परक्या देशातल्या अधिकाऱ्याला पटवणं फार कठीण. घर उभं असेल तर सरकारमान्य व्हॅल्युअरचा अहवाल, नोंदणीचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट आणि कर्ज असल्यास बँकेकडून उरलेल्या रकमेचं पत्र लागतं. किमतीतून कर्ज वजा होतं. तिसरी अट तितकी अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे या आकाराची रक्कम सहज बसते.

या सगळ्या यातायातीपेक्षा मुलीच्या स्वतःच्या नावावरची, ठरावीक काळ जमा असलेली एफडी कितीतरी सुटसुटीत. वीस लाखांची एफडी तिच्या नावावर वर्षभर दिसत असेल, तर ती वडिलांच्या दीड कोटींच्या फ्लॅटपेक्षा या फॉर्मवर जास्त बोलते. सोन्याचे दागिने या हिशेबात धरण्याच्या भानगडीत पडू नये. गाडीही एकच असेल तर ती मोजत नाहीत.

उत्पन्न कमी आणि मालमत्ताही नाही, अशा वेळी दुसरा हमीदार आणता येतो. त्याला जॉइंट स्पॉन्सर म्हणतात. पतपेढीचं कर्ज काढलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको: कर्जदाराचा पगार बेताचा असला की सक्षम जामीनदार आणायचा, आणि तो जामीनदार नुसता सही करून मोकळा होत नाही. जॉइंट स्पॉन्सर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, अठरा वर्षांवरचा, अमेरिकेत राहणारा. तो नातेवाईकच हवा असं नाही. मामा, काका, मित्र, ऑफिसातला सहकारी, कुणीही चालतो. पण नवऱ्याच्या उत्पन्नात भर टाकून तो अट पूर्ण करू शकत नाही. त्याच्या स्वतःच्या कुटुंबात तुमच्या मुलीचं डोकं मिळवून जी संख्या होईल, तिच्यासाठी लागणारं पूर्ण उत्पन्न त्याच्या एकट्याच्या बळावर असावं लागतं. आणि नवऱ्यालाही आपलं आय-८६४ भरावंच लागतं, त्याची कमाई शून्य असली तरी.

परतून आलेल्यांची गोष्ट निराळी. पवईत, अंधेरीत अशी बरीच जोडपी आहेत, ज्यांतला एक जण अमेरिकन नागरिक असून इथे नोकरीला आहे. इथला पगार कितीही घसघशीत असो, तिकडे गेल्यावर तोच पगार त्याच कंपनीकडून चालू राहणार असेल तरच तो धरतात. शिवाय हमीदाराचं कायमचं घर अमेरिकेत आहे, किंवा जोडीदाराबरोबर तो तिथे परत राहायला जाणार आहे, हेही दाखवावं लागतं: तिकडचं बँक खातं, भाडेकरार, नोकरीची ऑफर, मुलांचा शाळाप्रवेश. मुलाखतीच्या वेळी हे न सुचल्यामुळे फाईल लांबलेली माणसं पुष्कळ आहेत.

मुलाखत होते वांद्रे-कुर्ला संकुलात. अमेरिकन वकिलात २०११ साली भुलाभाई देसाई रोडवरच्या लिंकन हाऊसमधून तिथे हलली. कागद त्याआधीच नॅशनल व्हिसा सेंटरकडे ऑनलाइन चढवलेले असतात आणि हमीपत्र तपासण्यासाठी १२० डॉलरची वेगळी फी भरलेली असते. तरीही खिडकीपाशी पुन्हा नव्यानं विचारतात, कारण मधल्या काळात नोकरी सुटलेली असू शकते किंवा नवं करवर्ष उलटलेलं असतं. एप्रिलच्या मध्यानंतर मुलाखत असेल तर नुकत्याच संपलेल्या वर्षाचं रिटर्न जवळ असावं. हमीपत्र अपुरं वाटलं तर २२१-जी ची चिठ्ठी हातात पडते. ती बघून कितीतरी घरांत रडारड होते. पण त्या चिठ्ठीनं फाईल कायमची बंद होत नाही. काय कमी आहे ते तीवर लिहिलेलं असतं. ते आणून दिलं की फाईल पुढे सरकते.

ब्रिटनचा हिशेब अधिक कडक आहे आणि मला तो जास्त टोचतो.

तिथे ९ जुलै २०१२ पासून हमीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवं, असा नियम आला. ११ एप्रिल २०२४ ला तो आकडा एकदम २९,००० वर नेला. त्यापुढे टप्प्याटप्प्यानं ३८,७०० पर्यंत जायचं ठरलं होतं. सरकार बदललं आणि ती वाढ थांबली. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीनं जून २०२५ मध्ये अहवाल देताना त्या वरच्या आकड्याचं समर्थन केलं नाही. ११ एप्रिल २०२४ च्या आधी या मार्गावर पहिला अर्ज केलेल्यांना मुदतवाढीसाठी जुनाच आकडा लागू आहे. याशिवाय बाहेरून अर्ज करताना १,९३८ पौंड फी, हा २०२५ चा दर, आणि पावणेतीन वर्षांच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड.

टोचतं ते हे, की या २९,००० मध्ये बायकोची मुंबईतली कमाई एक पैसाही धरत नाहीत. ती अंधेरीच्या सीप्झमध्ये वर्षाला पंचवीस लाख मिळवणारी इंजिनिअर असो, तिकडे जाऊन दुसऱ्या महिन्यात नोकरीला लागणार असो, पहिल्या अर्जात ती कमाई शून्य. जोडीदार ब्रिटनमध्ये असेल आणि त्याला काम करण्याची परवानगी असेल तरच त्याचा पगार मोजतात. ज्या नियमाचा उद्देश कुणी सरकारवर ओझं होऊ नये हा आहे, तो नियम कमावत्या बाईची कमाई बघायलाच तयार नाही. हे मला न्याय्य वाटत नाही.

कागदांचा काटेकोरपणा तर विचारू नका. एकाच कंपनीत सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पे-स्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. स्लिपेवरचा निव्वळ पगार आणि खात्यात जमा झालेली रक्कम पेनीपर्यंत जुळली पाहिजे. एखाद्या महिन्यात बिनपगारी रजा घेऊन नवरा लग्नासाठी मुंबईत आला असेल, तर त्या महिन्याचा उतरलेला पगार हिशेब बिघडवू शकतो, कारण ठरावीक पगारवाल्यांच्या बाबतीत सहा महिन्यांतल्या सर्वांत कमी पगारावरून वर्षाचं उत्पन्न काढतात. लग्नाची तारीख मुहूर्तानं ठरते तशी अर्जाची तारीख या पे-स्लिपांनी ठरते. कागद अर्जाच्या दिवशी २८ दिवसांपेक्षा जुने नसावेत. नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील तर आत्ताचा पगार आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं उत्पन्न, दोन्ही २९,००० च्या वर दाखवावी लागतात.

पण इथेच, आणि अमेरिकेपेक्षा सोप्या रीतीनं, घाटकोपरच्या आई-बाबांची बचत उपयोगी पडू शकते. नोकरीचं उत्पन्न कमी पडलं तर बचतीनं भर घालता येते. सूत्र असं: १६,००० पौंड आधी बाजूला ठेवायचे, आणि त्यावर तुटीच्या अडीचपट रक्कम. नवऱ्याचा पगार २५,००० असेल तर तूट ४,००० ची, तिच्या अडीचपट १०,०००, म्हणजे एकूण २६,००० पौंड बचत. उत्पन्न काहीच दाखवायचं नसेल तर हाच हिशेब ८८,५०० पौंडांवर जातो. हे पैसे दोघांपैकी कुणाच्याही नावावर चालतात, भारतातल्या बँकेतही चालतात, आणि आई-वडिलांनी भेट दिलेले असले तरी चालतात. कर्ज काढून आणलेले चालत नाहीत. फक्त सहा महिने ते दोघांच्या ताब्यातल्या खात्यात राहिले पाहिजेत, आणि एक दिवसही त्या पातळीखाली जाता कामा नये. म्हणून मुलीला लग्नात द्यायचे पैसे अर्जाच्या आदल्या महिन्यात न देता साखरपुड्याच्या सुमारास तिच्या नावावर करावेत, सोबत साधं भेटपत्र लिहून ठेवावं. हॉलचं बिल त्या खात्यातून भरू नये. दोघांच्या मालकीचं घर विकून आलेले पैसे असतील तर सहा महिन्यांच्या अटीत ते घर मालकीचं असल्याचा काळही धरतात.

या नियमाला कोर्टात आव्हान दिलं गेलं. २२ फेब्रुवारी २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर ठरवली, पण नियम मुलांच्या हिताकडे पुरेसं लक्ष देत नाहीत आणि पैशाच्या इतर खात्रीशीर स्रोतांकडे काणाडोळा करतात, असंही सांगितलं. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत तिसऱ्या माणसाचा आधार किंवा जोडीदाराची संभाव्य कमाई विचारात घेण्याची वाट नियमांत ठेवली गेली. ती वाट अरुंद आहे. तिच्या भरवशावर अर्ज करू नये. मूल असेल आणि नवरा तिकडे एकटा अडकला असेल, तर मात्र ती वकिलाला आवर्जून विचारावी. हमीदाराला अपंगत्वाचा किंवा शुश्रूषेचा ठरावीक भत्ता मिळत असेल तर त्याला २९,००० ची अटच लागू होत नाही, हेही बऱ्याच घरांना माहीत नसतं.

कॅनडा या बाबतीत कितीतरी उदार. तिथे पती-पत्नीसाठी सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. हमीदार कर्जबुडवा म्हणून दिवाळखोरीत नसावा आणि अपंगत्वाखेरीज अन्य कारणानं सरकारी मदतीवर जगत नसावा, एवढं बघतात. जोडीदाराच्या गरजांची लेखी हमी तीन वर्षांची असते. क्युबेक प्रांताचे नियम त्याचे स्वतःचे. ऑस्ट्रेलियातही उत्पन्नाचा ठरावीक आकडा नाही. तिथे नऊ हजार डॉलरहून अधिक असलेली अर्जाची फीच भल्याभल्यांना घाम फोडते.

अमेरिकेतल्या हमीपत्राचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यातूनच या कागदाचं वजन कळतं. परदेशातून येणारा माणूस सरकारवर भार ठरू नये, ही अट तिथे ऑगस्ट १८८२ च्या कायद्यात आली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८३ मध्ये, कल्याणला जन्मलेली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीनं निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. टपाल खात्यात असलेल्या तिच्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या, तुटपुंज्या पगारावर हे साधणारं नव्हतं. तिच्या पाठीशी होतं ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंचं घर. छापील फॉर्म आणि पगाराचा तक्ता तेव्हा कुठे होता? कार्पेंटरबाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात पोचवलं. पुढे गोपाळराव तिच्या मागून अमेरिकेत गेले, आणि मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. एका मराठी जोडप्यात बायको आधी गेली आणि नवरा मागून आला, तोही त्या काळात.

नंतर १९१७ च्या कायद्यानं भारतीयांना दार जवळपास बंदच केलं. १९४६ मध्ये वर्षाला जेमतेम शंभर जणांपुरतं ते किलकिलं झालं आणि १९६५ च्या कायद्यानं खऱ्या अर्थानं उघडलं. दादर, पार्ले, मुलुंडचे डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येनं गेले ते त्यानंतर. त्या काळातही नातेवाइकांची हमीपत्रं घेत असत, पण कोर्टात ती टिकत नसत. नैतिक आश्वासनापलीकडे त्यांना किंमत नव्हती. १९९६ च्या कायद्यानं हे बदललं. १९ डिसेंबर १९९७ पासून हमीपत्र म्हणजे कोर्टात बजावता येणारा करार झाला.

या कराराची मुदत लोकांना धक्का देते. आलेला जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी होईपर्यंत, हमी चालू राहते. दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला, किंवा तो जोडीदार कायमचा देश सोडून गेला, तरच ती आधी संपते. घटस्फोटानं संपत नाही. नातं तुटलं तरी हमीदार त्या व्यक्तीचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीपर्यंत राखायला बांधील असतो. तिनं सरकारी मदत घेतली तर सरकार ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकतं, आणि तो खर्च देत नसेल तर ती स्वतः त्याच्यावर दावा लावू शकते. लिउ विरुद्ध मुंड या खटल्यात २०१२ साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं, न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांच्या निकालपत्रात, याहीपुढे जाऊन सांगितलं की घटस्फोटित पत्नीनं नोकरी शोधली नाही म्हणून हमीदाराची सुटका होत नाही.

जॉइंट स्पॉन्सर म्हणून प्रेमापोटी सही करणाऱ्या मामा-काकांनी हे आधी वाचावं. त्यांची हमीही तितकीच लांब आणि तितकीच खरी असते, आणि भाच्याच्या संसारात काय चाललं आहे यावर त्यांचा काडीचा ताबा नसतो. नाही म्हणायचं असेल तर ते सहीच्या आधी म्हणावं.

आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तिच्या हाती यातला कुठलाच कागद नसतो. फॉर्म नवरा भरतो, रिटर्न त्याचं, सही त्याची. मुलगी मुलाखतीच्या दिवशी संच घेऊन वांद्र्याला जाते, व्हिसा मिळाल्याच्या आनंदात फाईल सासरी पोचते आणि विसरली जाते. उपनगरातल्या प्रत्येक आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या दिवशी घरातून निघण्याआधी सही केलेल्या आय-८६४ च्या सगळ्या पानांचा फोटो काढा, जॉइंट स्पॉन्सर असेल तर त्याच्याही. एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, जिचा पासवर्ड तिलाच माहीत आहे, आणि एक छापील प्रत इथे घरी. सोबत तिच्या पासपोर्टची, लग्नाच्या नोंदणी दाखल्याची आणि नवऱ्याच्या तिकडच्या पत्त्याची प्रत. मुलुंडकरांना नोंदणीचा दाखला टी वॉर्डात, घाटकोपरला एन वॉर्डात आणि बोरिवलीला आर मध्य वॉर्डात मिळतो. तोही व्हिसाच्या फाईलीपुरता न काढता दोन प्रमाणित प्रतींत काढून ठेवावा. पुढे कधी तिला एकटीला तिथल्या वकिलासमोर बसायची वेळ आली, तर नवऱ्याकडे मागायला न जाता ती हा करार टेबलावर ठेवू शकेल. परदेशातल्या विवाहांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. तिथे अर्ज करतानाही हेच कागद लागतात.